घरातल्या वाय-फायवर लॅग येतो, पिंग वाढतो, तेव्हा दोष कुठे आणि कसा शोधावा

ऑनलाइन खेळ ऐन रंगात आलेला असताना पात्र जागच्या जागी थिजते आणि क्षणभराने भलतीकडेच उमटते. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे शब्द तुटक येतात. दूरच्या संगणकावर काम करताना टंकलेले अक्षर पडद्यावर उशिरा दिसते. त्याच वेळी स्पीड टेस्ट लावली तर वेग मात्र प्लॅनमध्ये सांगितल्याइतका भरतो. हा प्रश्न पहिल्यांदाच हाताळणारा माणूस इथेच गोंधळतो आणि मग महागडा प्लॅन घेणे, राउटर बदलणे, कुठेतरी वाचलेली दहाबारा सेटिंग एकाच दमात फिरवणे असे उपाय सुरू होतात. या सगळ्या प्रकारातून गेल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की, लॅग, म्हणजे हा अडखळता विलंब, घालवण्याचे निम्म्याहून अधिक काम म्हणजे तो वाटेत नेमका कुठे उत्पन्न होतो हे शोधणे. ते कळले की उपाय बहुधा साधा असतो. ते न कळता केलेला उपाय चुकून लागू पडला तरी तो का लागू पडला हे समजत नाही आणि तोच त्रास परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम मोजा. दोन बदल एकदम केले आणि सुधारणा झाली, तर श्रेय कोणाचे हे ठरवता येत नाही. एकाने फायदा आणि दुसऱ्याने तोटा झाला, तर दोन्ही बदल निरुपयोगी वाटतात.

मोजायचे काय

तुमच्या यंत्राकडून निघालेला छोटा संदेश पलीकडे पोहोचून त्याचे उत्तर परत येईपर्यंत लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदात मोजतात. वेग म्हणजे एका सेकंदात किती डेटा वाहतो ते माप. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बहुतेक ऑनलाइन खेळांना खेळताना १ एमबीपीएसपेक्षाही (सेकंदाला १ मेगाबिट) कमी वेग पुरतो. त्यामुळे १०० चा प्लॅन ३०० चा केल्याने खेळातला लॅग कमी होईलच असे मुळीच नाही.

पिंगबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एका संदेशाला २० मिलिसेकंद आणि पुढच्याला १८० लागत असतील, तर त्या चढउताराला जिटर म्हणतात. संदेश पोहोचलाच नाही, तर तो पॅकेट लॉस, म्हणजे गळती. माझ्या अनुभवात स्थिर ६० मिलिसेकंदावर बहुतेक खेळ सुखाने खेळता येतात, पण २० आणि २०० यांच्यात उसळ्या मारणारे कनेक्शन असह्य होते. संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आवाजाला एका बाजूने लागणारा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे म्हटले आहे. म्हणून सरासरीच्या आकड्यावर विसंबू नका. कमाल आकडा आणि गळती या दोन्ही गोष्टी सरासरीच्या जोडीने लिहून ठेवा.

काय जवळ हवे

- ज्यावर कमांड चालवता येतात असा लॅपटॉप किंवा संगणक. नुसत्या फोनवर निदान अपुरे राहते.
- राउटरपर्यंत पोहोचेल एवढी इथरनेट केबल, कॅट ५ई किंवा त्यावरची. लॅपटॉपला इथरनेटचे पोर्ट नसेल, तर यूएसबीला लावायचा इथरनेट अडॅप्टर.
- राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड. तो बहुधा राउटरच्या तळाशी असलेल्या लेबलवर छापलेला असतो.
- आसपासची वाय-फाय नेटवर्क आणि त्यांची चॅनेल (ती ज्यांवर चालतात ते लहरींचे ठरावीक पट्टे) दाखवणारे एखादे ॲप.
- तुमचा ग्राहक क्रमांक, प्लॅनमध्ये कबूल केलेला डाउनलोड आणि अपलोड वेग, राउटरचे मॉडेल.
- नोंदींसाठी वही किंवा साधी फाइल. प्रत्येक मोजमापासमोर तारीख, वेळ आणि त्या क्षणी घरात कोण काय वापरत होते ते लिहा. ही शेवटची नोंद लोक हमखास टाळतात आणि नेमकी तीच पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते.

१. लॅग नेटवर्कचा आहे की यंत्राचा, हे आधी ठरवा

खेळात माउस हलवून नुसते इकडे-तिकडे पाहा. तुमची स्वतःची नजर फिरतानाच दृश्य अडखळत असेल, तर दोष बहुधा संगणकाच्या ग्राफिक्सचा, तापलेल्या प्रोसेसरचा किंवा कमी पडणाऱ्या मेमरीचा आहे, कारण नजर फिरवण्याचे गणित तुमच्याच यंत्रावर होते आणि त्यासाठी सर्व्हरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकाची, वाट पाहावी लागत नाही. तुमचे दृश्य सफाईने फिरते, पण इतर खेळाडू उड्या मारतात, दिलेली आज्ञा उशिरा लागू होते किंवा तुमचे पात्र मागे खेचले जाते, असे होत असेल तर नेटवर्ककडे वळा. बऱ्याच खेळांत फ्रेम रेट आणि पिंग पडद्याच्या कोपऱ्यात दाखवण्याची सोय असते. ती आजच सुरू करा.

याच पायरीत खेळाच्या सेटिंगमध्ये कोणता सर्व्हर प्रदेश निवडलेला आहे तेही पाहा. काचतंतूतून (ऑप्टिकल फायबरमधून) प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटर अंतरावरच्या सर्व्हरकडे जाऊन येण्यास किमान १० मिलिसेकंद लागणारच, आणि ८,००० किलोमीटरसाठी किमान ८०. प्रत्यक्षातली वाट सरळ रेषेत नसते, त्यामुळे आकडा याहून मोठाच येतो. हे अंतर कोणत्याही राउटरला कमी करता येत नाही. तुमचे कनेक्शन ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहावरून येत असेल, तर नुसत्या येण्याजाण्यातच सुमारे अर्धा सेकंद जातो, आणि घरातल्या कोणत्याही सेटिंगने तो परत मिळत नाही.

२. वाटेचे तुकडे पाडून मोजा

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. तुमच्या यंत्रापासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेचे तीन तुकडे कल्पा: यंत्र ते राउटर, राउटर ते सेवा देणाऱ्या कंपनीचे जाळे आणि तिथून पुढे सर्व्हरपर्यंत. कोणता तुकडा सडका आहे ते पिंग नावाच्याच कमांडने कळते. ही कमांड विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर आधीपासून असते, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही.

प्रथम राउटरचा पत्ता शोधा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड चालवली की डीफॉल्ट गेटवे या ओळीसमोर तो दिसतो. मॅकवर नेटवर्कच्या सेटिंगमधील टीसीपी/आयपी या भागात राउटर म्हणून दिलेला असतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आता दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, दुसरीत १.१.१.१ किंवा ८.८.८.८ यांपैकी एका सार्वजनिक पत्त्याला. विंडोजवर ही कमांड चारच संदेश पाठवून थांबते, म्हणून पत्त्यानंतर जागा सोडून वजाचिन्ह आणि टी हे अक्षर जोडा. मॅक आणि लिनक्सवर ती आपोआप चालू राहते. दोन्ही खिडक्या चालू ठेवून, जेव्हा त्रास होतो नेमक्या त्याच वेळी, किमान दहा मिनिटे नेहमीसारखे खेळा किंवा कॉल करा. नंतर कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबली की किमान, कमाल, सरासरी आणि गळती यांचा गोषवारा मिळतो.

त्याचा अर्थ असा लावावा. राउटरचा पिंग १ ते ५ मिलिसेकंदांच्या आसपास राहून क्वचित १०-२० वर जात असेल, तर वाय-फाय निरोगी आहे. राउटरचाच पिंग वारंवार ८०, १५०, ३०० असा उसळत असेल आणि बाहेरचाही त्याच क्षणी उसळत असेल, तर दोष हवेतल्या दुव्यात आहे. ४ ते ६ आणि ८ या पायऱ्या तुमच्यासाठी. राउटरचा पिंग शांत आहे आणि बाहेरचा तेवढा वाढतो, तर घरात कोणी मोठे डाउनलोड किंवा अपलोड करत असतानाच हे होते का ते पाहा. तसे असेल तर सातवी पायरी, नसेल तर शेवटची. दोन्ही खिडक्या शांत असूनही खेळ अडखळत असेल, तर त्या खेळाच्या सर्व्हरकडे किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेत बिघाड असण्याची शक्यता अधिक.

एक सापळा इथे आहे. काही राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणे हे दुय्यम काम मानतात आणि व्यग्र असताना उशिरा उत्तर देतात. त्यामुळे राउटरचा आकडा मोठा आणि त्याच क्षणी बाहेरचा आकडा लहान असे दिसले, तर घाबरू नका. बाहेरचा संदेश त्याच वाय-फायवरून आणि त्याच राउटरमधून गेलेला असतो. तो वेळेवर परतला, याचा अर्थ हवेतला दुवा ठीक आहे.

३. केबल लावून तेच मोजमाप पुन्हा घ्या

संगणक राउटरला केबलने जोडा, वाय-फाय बंद करा आणि दुसरी पायरी जशीच्या तशी पुन्हा करा. वाय-फाय बंद करण्यास विसरू नका, नाहीतर आपण नक्की कोणत्या वाटेचे मोजमाप घेतले याचा भरवसा राहत नाही. केबलवर राउटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत किंवा आसपास आला पाहिजे. केबलवर त्रास पूर्ण थांबला, तर दोष वाय-फायचा हे सिद्ध झाले. केबलवरही तसाच राहिला, तर वाय-फायची एकही सेटिंग हलवू नका. त्यात घालवलेली प्रत्येक संध्याकाळ वाया जाते.

तुमचा संगणक किंवा गेमिंग कन्सोल एकाच जागी राहणारा असेल, तर इथेच थांबून कायमची केबल टाकण्याचा विचार करा, असे मी आग्रहाने सांगेन. १०० मीटरपर्यंतच्या अंतरासाठी साधी कॅट ५ई केबल १ जीबीपीएस वेग देते. वाय-फाय कितीही नवे असले तरी केबलच्या स्थैर्याची बरोबरी करत नाही, कारण केबलमध्ये तुमच्या यंत्राला बोलण्यासाठी इतरांच्या गप्प होण्याची वाट पाहावी लागत नाही. हवेत एका चॅनेलवर एका वेळी साधारणपणे एकच यंत्र बोलू शकते. बाकीच्यांना थांबावेच लागते, आणि त्यांत शेजारच्या घरातली यंत्रेही येतात.

४. सिग्नल आणि राउटरची जागा

फोनवरच्या वाय-फायच्या रेघांवर भिस्त ठेवू नका. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात पाहा. हा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत खेळ आणि कॉल यांना पुरेसा, उणे ७५ च्या पलीकडे त्रास जवळजवळ निश्चित. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की हा आकडा दिसतो. अँड्रॉइडवर वाय-फाय तपासणारी ॲप तो दाखवतात.

कमजोर सिग्नलमुळे पिंग का वाढतो हे समजून घेण्यासारखे आहे. वाय-फायवर पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच मिळावी लागते. पोच आली नाही, तर तोच तुकडा पुन्हा पाठवला जातो, आणि वारंवार असे झाले तर वेग उतरवून पाठवला जातो. डेटा अखेर पोहोचतो, म्हणून गळती दिसत नाही. दिसतो तो विलंब. म्हणूनच स्पीड टेस्ट बरी येते आणि खेळ मात्र बिघडतो.

राउटर घराच्या शक्य तितक्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर ठेवा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, आरशाजवळ किंवा मत्स्यपेटीशेजारी ठेवलेला राउटर अर्धी ताकद तिथेच गमावतो, कारण धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. सळयांच्या काँक्रीटची भिंत लाकडी दारापेक्षा कितीतरी अधिक अडथळा करते. बाहेरचे अँटेना असतील तर एकाच मजल्यासाठी ते उभे ठेवा. लहरी अँटेनाच्या टोकाकडून कमी आणि बाजूंनी अधिक पसरतात. कंपनीचा माणूस राउटर दारापाशी बसवून गेला म्हणून तो तिथेच राहिला पाहिजे असे नाही. मोडेम, म्हणजे कंपनीची तार ज्याला जोडतात ते यंत्र, तिथे ठेवून राउटर लांब केबलने आत आणता येतो.

५. बँड आणि चॅनेल

बँड म्हणजे लहरींचा मोठा पट्टा, ज्यात अनेक चॅनेल असतात. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण तिथे गर्दी फार असते. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. ब्लूटूथ याच बँडमध्ये चालते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी निर्माण करतो, त्यामुळे जेवण गरम करण्याच्या वेळी पिंग उसळत असेल तर कारण तेच असू शकते. यूएसबी ३.० ची केबल किंवा हार्ड डिस्कसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात दाखवले आहे. लॅपटॉपला लावलेली अशी डिस्क काढून पाहणे हा फुकटचा प्रयोग आहे.

५ गिगाहर्ट्झवर जागा कितीतरी अधिक मिळते, मात्र त्याची पोहोच कमी असते. राउटर आणि यंत्र एकाच खोलीत किंवा एका भिंतीच्या अंतरावर असतील, तर खेळासाठी ५ गिगाहर्ट्झच वापरा. पुष्कळ राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि यंत्राला मनाप्रमाणे इकडून तिकडे ढकलतात. निदान होईपर्यंत तरी दोन्हींना वेगळी नावे द्या, म्हणजे आपण कुठे जोडलेले आहोत याबद्दल शंका राहणार नाही. तुमचे राउटर आणि यंत्र ६ गिगाहर्ट्झ ओळखत असतील आणि तुमच्या देशात त्याला परवानगी असेल, तर तिथे गर्दी आणखी कमी असते. परंतु भिंतीपलीकडे त्याची ताकद लवकर ओसरते.

चॅनेल निवडताना ॲपमध्ये दिसणाऱ्या शेजारच्या नेटवर्कांची संख्या आणि त्यांची ताकद दोन्ही पाहा. २.४ वर १, ६, ११ यांपैकीच एक घ्या. ३ किंवा ९ रिकामे दिसले म्हणून तिथे जाऊ नका, कारण मग दोन्ही बाजूंच्या नेटवर्कांशी टक्कर होते. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर गर्दीच्या इमारतीत ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ रुंदी घेतली, तर स्पीड टेस्टचा आकडा खाली येतो, पण पिंग अधिक स्थिर होतो. खेळणाऱ्याने हा सौदा आनंदाने करावा. ५२ ते १४४ ही चॅनेल अनेक देशांत रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला ते चॅनेल सोडावे लागते आणि नव्या चॅनेलवर जाताना जोडणी तुटू शकते. मधूनच अचानक मिनिटभर वाय-फाय गायब होत असेल, तर ३६ ते ४८ किंवा, तुमच्या देशात खुली असल्यास, १४९ च्या पुढची चॅनेल वापरून पाहा.

६. ठरावीक अंतराने उसळणारा पिंग

दर काही सेकंदांनी किंवा दर मिनिटाला घड्याळ लावल्यासारखी उसळी दिसत असेल, तर राउटरला दोष देण्याआधी तुमच्या यंत्राकडे पाहा. लॅपटॉप आणि फोन आसपासची नेटवर्क शोधण्यासाठी क्षणभर आपले चॅनेल सोडून इतर चॅनेलांवर फिरून येतात. तेवढ्यात आलेला डेटा थांबून राहतो. विंडोजवर स्थान विचारणारी ॲप असा शोध वारंवार घडवून आणतात, म्हणून लोकेशन सेवा बंद करून मोजमाप घ्या. मॅकवर एअरड्रॉप आणि एअरप्लेसाठी चालणारा यंत्रायंत्रांमधला थेट दुवा असाच परिणाम करतो. खेळताना एअरड्रॉप बंद ठेवा.

दुसरे कारण वीज वाचवण्याचे. वाय-फायचे अडॅप्टर काम नसताना झोपते आणि राउटरला त्याच्यासाठी आलेला डेटा राखून ठेवावा लागतो. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस अडॅप्टरची सेटिंग मॅक्सिमम परफॉर्मन्स करा आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवून पुन्हा मोजा. याच कारणाने निवांत पडलेल्या फोनला दुसऱ्या यंत्रावरून पिंग लावला तर १०० मिलिसेकंदांच्या वर आकडे येतात. तो बिघाड नसतो.

अडॅप्टरचा ड्रायव्हर त्याच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करा आणि राउटरचे आतले सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअरही. राउटरमध्ये डब्ल्यूएमएम नावाची, आवाज-व्हिडिओच्या डेटाला प्राधान्य देणारी सेटिंग असेल तर ती चालूच ठेवा. ती बंद करण्याचा सल्ला अधूनमधून वाचायला मिळतो, पण ती बंद असली की वाय-फायचा वेग जुन्या ५४ एमबीपीएसच्या मर्यादेत अडकतो.

७. घरात कोणी काही अपलोड केले की लॅग येतो

अनेक घरांतल्या लॅगचे खरे कारण हेच असते आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. याला बफरब्लोट म्हणतात. राउटर आणि मोडेम यांच्यात येणारा डेटा साठवण्यासाठी जागा असते. कनेक्शनच्या वेगापेक्षा जास्त डेटा आला की तो टाकून न देता रांगेत ठेवला जातो. रांग फार लांब असेल, तर तुमच्या खेळाचा चिमुकला संदेश फोटोंच्या बॅकअपच्या मागे उभा राहतो, जशी अरुंद घाटात मालट्रकांच्या मागे दुचाकी अडकते. हिशेब करून पाहा: अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल आणि रांगेत १ मेगाबाइट (८ मेगाबिट) डेटा साचला असेल, तर तो उपसायला ०.८ सेकंद लागतात. म्हणजे पिंगमध्ये एकदम ८०० मिलिसेकंदांची भर, आणि तीही वाय-फाय, कंपनी, सर्व्हर सगळे ठणठणीत असताना.

तपासणी सोपी आहे. केबलवर बसून १.१.१.१ ला पिंग लावा, आकडा पाहा. मग एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा. पिंग २० वरून ३० झाला तर उत्तम, २०० किंवा अधिक झाला तर रोग सापडला. डाउनलोडसाठीही हेच करा. फास्ट डॉट कॉम या संकेतस्थळावर अधिक माहिती उघडली की भार नसतानाचा आणि भार असतानाचा विलंब वेगवेगळा दाखवतात. तिथेही हे लगेच कळते.

पहिला उपाय म्हणजे अपलोड कोण करते ते शोधणे. फोनवरचा फोटोंचा आपोआप बॅकअप, सुरक्षा कॅमेरे, क्लाउडशी जुळणी करणारे फोल्डर, खेळांची आणि प्रणालीची अद्यतने हे नेहमीचे भिडू. त्यांना रात्रीची वेळ द्या किंवा त्यांच्याच सेटिंगमध्ये वेगाची मर्यादा घाला.

कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये शहाणी रांग बसवणे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेल्या एफक्यू-कोडेल आणि केक या पद्धती छोट्या प्रवाहांना मोठ्यांच्या मागे अडकू देत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा अडॅप्टिव्ह क्यूओएस अशा नावाने ही सोय शोधा. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ती बसवता येते. तिथे भरायचा वेग प्लॅनवरून घेऊ नका. केबलवर प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के भरा, डाउनलोड आणि अपलोड दोन्हींसाठी स्वतंत्रपणे. मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी ठेवल्यानेच रांग तुमच्या राउटरच्या ताब्यात येते. ती जास्त भरली, तर रांग पुन्हा मोडेममध्ये साचते आणि काहीच फरक पडत नाही. वेगातला हा थोडा त्याग सोसण्यासारखा आहे. मात्र कमी ताकदीच्या राउटरवर हे गणित प्रोसेसरला झेपत नाही आणि एकूण वेग फारच पडतो. तसे झाले तर त्या राउटरची मर्यादा आली असे समजा. नवा राउटर घेण्याचे हे एक रास्त कारण आहे.

८. रिपीटर, मेश आणि वीजतारांवरचे अडॅप्टर

एकाच रेडिओवर ऐकून त्यावरच पुढे सांगणारा स्वस्त रिपीटर प्रत्येक संदेश हवेत दोनदा पाठवतो. वेग निम्मा होतो, विलंब वाढतो. सिग्नलचा आकडा सुधारलेला पाहून लोक समाधान मानतात आणि पिंग बिघडलेला त्यांच्या लक्षात येत नाही. लांबच्या खोलीसाठी मेश, म्हणजे एकच नेटवर्क पसरवणाऱ्या अनेक ठाण्यांचा संच, घ्यायचाच असेल, तर त्याची ठाणी एकमेकांना केबलने जोडता येतील अशी व्यवस्था करा. ते शक्य नसेल तर ठाण्यांमधल्या दुव्यासाठी वेगळा बँड राखलेला संच निवडा. दूरचे ठाणे खेळाच्या खोलीत न ठेवता वाटेच्या मधोमध ठेवा, म्हणजे त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळेल. घरात केबल टीव्हीची जुनी कोॲक्सियल तार असेल तर तिच्यावर चालणारे मोका अडॅप्टर जवळजवळ इथरनेटइतके स्थिर असतात. विजेच्या तारांवरून डेटा नेणारे अडॅप्टर मात्र घरातल्या वायरिंगवर अवलंबून असतात, म्हणून परत करण्याची सोय असेल तरच घ्या.

९. ज्यावर पैसे आणि वेळ घालवू नये

डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, बदलल्याने संकेतस्थळाचे नाव लवकर सापडू शकते. खेळ सुरू झाल्यानंतरच्या पिंगशी त्याचा संबंध नसतो. पिंग कमी करण्याचा दावा करणारी ॲप बहुतेक वेळा डेटा दुसऱ्या वाटेने वळवतात. कंपनीची नेहमीची वाट खरोखरच वाकडी असेल तर क्वचित फायदा होतो, पण तुमचा दोष घरातल्या वाय-फायमध्ये असेल तर काडीचाही उपयोग नाही. साध्या व्हीपीएनचेही तेच. राउटर रोज बंद-चालू केल्याने बरे वाटत असेल, तर तो फार तापतो का, त्याचे फर्मवेअर जुने आहे का, हे पाहा. रोजचा रीस्टार्ट हा उपाय मानू नका. आणि गेमिंग म्हणून विकला जाणारा राउटर घेण्याआधी त्यात सातव्या पायरीतली रांगेची सोय आहे का एवढेच विचारा.

१०. दोष घराबाहेर असेल तर

केबलवर, घरातली बाकी सर्व यंत्रे बंद असतानाही बाहेरचा पिंग उसळत असेल, तर आता तक्रारीची वेळ. त्याआधी ट्रेसराउट चालवा. विंडोजवर कमांडचे नाव ट्रेसर्ट (tracert) असे आहे. ती वाटेतल्या प्रत्येक थांब्याचा विलंब दाखवते. पहिला थांबा तुमचा राउटर, दुसऱ्या-तिसऱ्यापासून कंपनीचे जाळे. इथला सापळा असा: मधल्या एखाद्या थांब्यावर चांदण्या किंवा मोठा आकडा दिसला आणि त्यापुढचे थांबे ठीक असले, तर तो दोष नाही. तो थांबा अशा चौकशीला उत्तर देणे टाळतो एवढेच. जिथून वाढलेला विलंब शेवटपर्यंत टिकतो, तोच थांबा महत्त्वाचा.

तीन-चार दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री केबलवर दहा-दहा मिनिटांचे मोजमाप घ्या. फक्त रात्रीच्या वेळी पिंग वाढत असेल, तर त्या भागातल्या जाळ्यावर गर्दीचा ताण असण्याची शक्यता मोठी. दिवसभर अधूनमधून गळती होत असेल, तर खराब जोड, वाकलेली फायबर किंवा बिघडलेला मोडेम यांचा संशय घ्या. फायबरच्या मोडेमवर एलओएस नावाचा, सिग्नल मिळत नसल्याचे सांगणारा लाल दिवा लागत असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवा.

तक्रार लेखी करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात: ग्राहक क्रमांक, राउटर आणि मोडेमचे मॉडेल, मोजमाप केबलवर घेतले असल्याचा स्पष्ट उल्लेख, तारीख-वेळेसह पिंगचे गोषवारे, चांगल्या आणि वाईट वेळेचा एकेक ट्रेसराउट. नेट स्लो आहे एवढेच सांगितले तर तुम्हाला स्पीड टेस्ट करायला लावतील, ती चांगली येईल आणि तक्रार तिथेच मिटवली जाईल. म्हणून वेग पुरेसा असून विलंब आणि गळती ही तक्रार आहे, हे पहिल्याच वाक्यात लिहा. वाय-फायमुळे होत असेल असे उत्तर हमखास येते. त्यासाठीच तिसऱ्या पायरीतली केबलवरची मोजमापे जोडायची असतात.

तंत्रज्ञ येऊन गेल्यावर त्याच केबलने, त्याच पत्त्यांना, ज्या वेळी त्रास होत होता त्याच वेळी पुन्हा मोजा. तक्रार रात्रीच्या गर्दीची असेल तर दुपारच्या चांगल्या आकड्यांवर ती बंद होऊ देऊ नका. रात्रीचे मोजमाप होईपर्यंत ती उघडी ठेवण्यास लेखी सांगा.